हार्ट अटॅकचा आपला धोका कसा मोजायचा: एक कागद, मोजपट्टी आणि आठवडाभराचं बीपी

चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही 'हृदय तपासून घेतलं का?' असं विचारा. उत्तर बहुधा ठरलेलं असतं: 'हो, ईसीजी काढला, नॉर्मल आला.' गडबड इथूनच सुरू होते. ईसीजी काढला त्या घडीला हृदयात काही बिघाड दिसतोय का, एवढंच तो सांगतो. पुढच्या दहा वर्षांत झटका येण्याची शक्यता किती, हे त्यात दिसत नाही. ती शक्यता धोक्याच्या घटकांवरून ठरते: वय, घराणं, तंबाखू, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर आणि रोजचं राहणीमान.

दुसरी चूक म्हणजे हे घटक सुटेसुटे पाहणं. बीपी थोडंसंच वाढलंय, साखर काठावरच आहे, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) दिवसातून दोनदाच होतो. प्रत्येक गोष्ट एकेकटी पाहिली की किरकोळ वाटते. पण ५२ देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाचे आकडे पाहा. धूम्रपानाने पहिल्या झटक्याचा धोका जवळपास ३ पट, मधुमेहाने सुमारे अडीच पट आणि उच्च रक्तदाबाने साधारण दुप्पट होतो. हे तिन्ही एकाच माणसात असले तर तो सुमारे १३ पटींवर जातो. म्हणून सगळे घटक एकाच कागदावर यायला हवेत, आणि त्यातला प्रत्येक आकडा नीट मोजलेला असायला हवा. तो कागद कसा तयार करायचा, ते खाली क्रमाने दिलं आहे.

आधी हे वाचा: छातीत दाब किंवा जळजळ, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, दरदरून घाम, धाप, अचानक आलेला कमालीचा थकवा, यापैकी काही आत्ता होत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. 'गॅस झाला असेल' म्हणून सोडा पिऊन वाट पाहू नका. स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जाऊ नका. बायका, वयस्कर माणसं आणि मधुमेही यांना छातीत न दुखताही झटका येऊ शकतो.

## टप्पा १: तयारी

एक कोरा कागद, पेन, शिंप्याकडे असते तशी कापडी मोजपट्टी आणि दंडावर बांधायचं डिजिटल बीपी मशीन एवढं जमवा. मनगटावर बांधायची मशीन घेऊ नका. हाताची जागा जरा बदलली तरी तिचे आकडे हलतात. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, कारण जाड दंडाला छोटा पट्टा आवळला की बीपी खोटंच जास्त दिसतं.

सगळ्या कामाला दहा-बारा दिवस धरा. क्रमही महत्त्वाचा आहे. आधी घरची माहिती, मग आठवडाभर बीपी, त्यानंतर रक्त आणि शेवटी डॉक्टर. बहुतेक लोक उलट करतात. 'फुल बॉडी चेकअप'चं पॅकेज घेतात, साठ आकड्यांचा रिपोर्ट हाती येतो आणि त्यातलं नेमकं काय पाहायचं हेच कळत नाही.

## टप्पा २: जे बदलता येत नाही, ते लिहा

वय आणि लिंग आधी लिहा. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो, हेही इंटरहार्टमध्येच दिसलं होतं. त्यामुळे 'अजून पन्नाशी कुठे आली' हा दिलासा आपल्याला लागू होत नाही.

मग घराणं. वडील किंवा सख्ख्या भावाला वयाच्या ५५ वर्षांआधी, आई किंवा सख्ख्या बहिणीला ६५ वर्षांआधी झटका आला, स्टेंट पडला किंवा बायपास झाली असेल, तर तो धोक्याचा घटक धरतात. आजोबा ऐंशीव्या वर्षी हृदयविकाराने गेले, ते यात येत नाही. घरात 'झोपेतच गेले', 'बसल्या बसल्या गेले' अशा आठवणी असतील तर मोठ्यांकडून त्या माणसाचं तेव्हाचं वय विचारून घ्या. तपासणी न झालेला झटका अनेकदा अशाच शब्दांत सांगितला जातो.

बायकांनी आणखी चार गोष्टी लिहायच्या आहेत: गरोदरपणात बीपी वाढलं होतं का, साखर वाढली होती का, बाळ दिवस भरण्याआधी झालं का, आणि पाळी ४५ वर्षांआधी कायमची थांबली का. बाळंतपण झालं की त्या फायली माळ्यावर जातात आणि वीस वर्षांनी हृदयाची तपासणी करताना हे कुणी विचारतही नाही. तुम्हीच सांगा.

मूत्रपिंडाचा जुना आजार, संधिवाताचा रुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा प्रकार, सोरायसिस, एचआयव्ही यांपैकी काही असेल तर तेही लिहा.

## टप्पा ३: तंबाखूचा खरा हिशेब

विडी-सिगरेटचा प्रश्न आला की आपल्याकडची निम्मी माणसं 'नाही' म्हणून मोकळी होतात, कारण त्यांचा खर्रा असतो. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून तोंडात धरायचा, आणि त्याने फार तर तोंडाचा कॅन्सर होतो अशी समजूत बाळगायची. प्रत्यक्षात निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून सरळ रक्तात जातं. नाडी वाढते, बीपी चढतं, रक्तवाहिन्या आकसतात. इंटरहार्टमध्ये तंबाखू चघळणाऱ्यांतही झटक्याचा धोका सुमारे दुपटीवर आढळला.

मोजायचं असं:

1. सकाळपासून रात्रीपर्यंत किती पुड्या विकत घेतल्या ते लिहा. 'चार जणांत एक' असेल तरी तोंडात किती वेळा गेला तेही लिहा.
2. तोंडात धरून किती वेळ ठेवता, रात्री गालात ठेवूनच झोपता का, ते लिहा.
3. घरात किंवा दुकानात दुसऱ्याच्या सिगरेटचा धूर रोज अंगावर येतो का, ते लिहा.
4. गूल, नस, मिसरी हे सगळं तंबाखूच आहे. घरातल्या बायकांचा हिशेब बहुधा इथेच सुटतो.

तपासा: कागदावर 'कधीकधी' हा शब्द आला असेल तर तो खोडा आणि आकडा लिहा.

## टप्पा ४: आठवडाभराचं बीपी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ओपीडीत जिना चढून जायचं, रांगेत उभं राहायचं, खुर्चीत टेकताच शर्टाच्या बाहीवरून पट्टा बांधायचा आणि तेवढ्यात पोराचा फोन घ्यायचा. असा आलेला आकडा कामाचा नसतो. काहींचं बीपी दवाखान्यातच चढतं. काहींचं उलट: दवाखान्यात ठीक, घरी आणि कामावर चढलेलं. दुसरा प्रकार जास्त फसवा आहे.

1. मोजण्याआधी अर्धा तास चहा, खर्रा, विडी आणि व्यायाम नको. लघवी करून या.
2. पाठ टेकेल अशा खुर्चीत बसा. दिवाणावर मांडी घालून नको. दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही.
3. पाच मिनिटं गप्प बसा. टीव्ही बंद, मोबाइल लांब.
4. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या खळगीपासून दोन बोटं वर बांधा. हात टेबलावर अशा उंचीवर टेकवा की पट्टा हृदयाच्या पातळीत येईल. हात खाली लोंबता राहिला तर आकडा वाढून येतो.
5. मोजताना बोलू नका.
6. एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा मोजा. दोन्ही आकडे लिहा.
7. सकाळी गोळी घेण्याआधी आणि नाश्त्याआधी दोनदा, संध्याकाळी जेवणाआधी दोनदा. असं सात दिवस.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांचं मोजा आणि ज्या हाताचं जास्त येतं तोच पुढे वापरा. दोन हातांत सातत्याने १५ च्या वर फरक येत असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा, कारण एखादी रक्तवाहिनी अरुंद झाल्याची ती खूण असू शकते.

आठवडा संपला की पहिला दिवस सोडून बाकीच्या आकड्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर रक्तदाब वाढलेला धरतात. दवाखान्यातली हीच रेषा १४०/९० आहे. वरचा किंवा खालचा, कोणताही एक आकडा रेषेवर असला तरी पुरे.

सावधान: १८०/१२० च्या पुढचा आकडा आला तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढाच राहिला आणि सोबत छातीत दुखणं, धाप, अंधारी, बोलताना अडखळणं यांपैकी काही असेल तर तडक इस्पितळ गाठा. त्रास काहीच नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

तपासा: लिहिलेले सगळे आकडे शून्यावर संपताहेत का? मग तुम्ही गोल करून लिहिताय. १३८ म्हणजे १३८, १३० नाही.

## टप्पा ५: पोटाचा घेर

वजनकाट्यापेक्षा इथे मोजपट्टी जास्त बोलते. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे आलेलं, ही आपल्याकडची ओळखीची ठेवण आहे. अशा माणसाचं वजन तक्त्यात बसतं, पण पोटातली चरबी यकृत, साखर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) बिघडवत राहते.

कपडा वर करा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड चाचपून दोन्हींचा मध्य शोधा. पट्टी तिथून जमिनीला समांतर फिरवा आणि सहज श्वास सोडल्यावर आकडा वाचा. पॅन्टच्या कमरेचा नंबर लिहू नका, कारण पॅन्ट पोटाच्या खाली बांधलेली असते. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त घेर हा धोका. बीएमआय काढणार असाल तर आपल्यासाठी २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात.

## टप्पा ६: रक्ताच्या तपासण्या

लॅबमध्ये एवढंच मागा: उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलचे सगळे आकडे), आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन व लघवीतलं अल्ब्युमिन. घराण्यात लवकर झटका आल्याचं लिहिलं असेल तर लायपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉलचाच एक प्रकारचा कण) हीसुद्धा करा. ती बहुतांशी जन्मजात ठरलेली असते, म्हणून आयुष्यात एकदा केली तरी चालते. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर धोका वाढलेला धरतात.

रक्त देण्याआधी आठ ते दहा तास काही खाऊ नका. साधं पाणी चालेल, बिनसाखरेचा चहासुद्धा नको. बीपीची गोळी डॉक्टरांनी थांबवायला सांगितली नसेल तर रोजच्याप्रमाणे घ्या. साखरेची गोळी रक्त दिल्यावर, जेवणासोबत.

दिवस निवडतानाही लोक चुकतात. नवरात्राचे नऊ दिवस उपास केले, पारणं झालं आणि दुसऱ्या दिवशी रक्त दिलं, असं करू नका. तपासणी करायची म्हणून आठवडाभर तेल-गोड बंद ठेवून जाऊ नका. डेंग्यू, न्यूमोनिया किंवा दुसऱ्या मोठ्या आजारातून नुकते उठला असाल तर थांबा, त्यात कोलेस्टेरॉल खाली दिसतं. रोज जसे जगता, तशाच अंगाने जा.

विदर्भासाठी एक मुद्दा फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडे सिकलसेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) बऱ्याच घरांत आहे. सिकलसेल असेल किंवा त्याचा वाहक असाल, किंवा अंगात रक्त फार कमी असेल, तर एचबीएवनसीचा आकडा फसवू शकतो. लॅबला आणि डॉक्टरांना आधी सांगा, आणि उपाशीपोटीच्या व जेवणानंतर दोन तासांच्या साखरेवर भर द्या.

आता रिपोर्ट वाचायचा.

- साखर: उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे काठावर. उपाशीपोटी १२६ किंवा एचबीएवनसी ६.५ पासून पुढे मधुमेह, पण एकाच रिपोर्टवर शिक्का मारू नका. पुन्हा तपासून खात्री करतात.
- एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल): रिपोर्टवर लाल खूण नाही म्हणून पान उलटू नका. लॅबची मर्यादा सगळ्यांसाठी सरसकट छापलेली असते. एलडीएल ९८ आला तर खूण पडत नाही, पण मधुमेह असलेल्या माणसासाठी डॉक्टर साधारणपणे ७० च्या खाली मागतात. आधी झटका आलेला असेल तर त्याहूनही कमी. १९० च्या पुढे असेल तर तो आनुवंशिक दोष असू शकतो, मुलांचंही तपासा.
- एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड: 'टोटल कोलेस्टेरॉल १८०, मस्त आहे' हा आपल्याकडचा सापळा. एकूण आकडा नीट दिसतो, पण आत एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड १५० च्या वर असतं. पुरुषांत ४०, बायकांत ५० च्या खाली एचडीएल म्हणजे कमी. टोटलमधून एचडीएल वजा करून येणारा आकडाही कागदावर लिहा, डॉक्टरांना तो उपयोगी पडतो.

## टप्पा ७: राहणीमान, आकड्यांत

'घरचंच खातो' याला हिशेब म्हणत नाहीत. तेल मोजायची सोपी रीत आहे. पंधरा किलोचा पिपा चार माणसांच्या घरात दोन महिन्यांत संपत असेल तर माणशी महिन्याला जवळपास १ किलो ९०० ग्रॅम तेल पोटात जातं. डॉक्टर साधारण अर्धा लिटर सांगतात. यात बाहेरचं धरलेलंच नाही: सकाळची तर्री पोह्याची प्लेट, संध्याकाळची कचोरी, रविवारचं सावजी. वडाभातावर कडकडीत तेल ओतून घेणाऱ्यांनी तेही लिहावं. हे कधीच खाऊ नका असं माझं म्हणणं नाही. आठवड्यात किती वेळा, ते लिहा. एकाच कढईत दिवसभर तापलेल्या तेलातलं तळण मात्र कायमचं सोडण्याजोगं आहे.

मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सगळं मिळून एक सपाट चहाचा चमचा. लोणचं, पापड आणि फरसाण यातच ती निम्मी संपते.

चालणं मिनिटांत लिहा. आठवड्याला किमान १५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. नागपूरच्या अंबाझरी तलावावर गाडीने जाऊन बाकावर गप्पा मारण्याचा वेळ यात येत नाही. दारूचे दिवस आणि पेग लिहा. 'एक पेग हृदयाला चांगला' हे डोक्यातून काढा, दारूने बीपी आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही वाढतात. घोरणं, मध्येच श्वास अडकून जाग येणं, दिवसा पेंग येणं, हे जोडीदाराला विचारून लिहा. सतत ताण किंवा उदासी असेल तर तीही लिहा. तोही झटक्याचा धोका वाढवणारा घटक आहे, मनाचा कमकुवतपणा नाही.

## टप्पा ८: बेरीज आणि डॉक्टर

बेरीज स्वतः करत बसू नका, कागद घेऊन जा. घरचे डॉक्टर असतील तर उत्तम. नाहीतर नागपुरात मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा मिहानमधलं एम्स, यांची मेडिसिन ओपीडी आहे. बीपी आणि साखरेची तपासणी तीस वर्षांपुढच्यांसाठी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते.

सोबत चालू गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या न्या. गुडघ्यासाठी मेडिकल स्टोअरमधून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्याही त्यात आल्या. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी बीपी आणि झटक्याचा धोका वाढतो.

चाळिशीपुढच्यांसाठी डॉक्टर बहुधा जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या तक्त्यासारखं साधन वापरून दहा वर्षांचा धोका टक्क्यांत काढतात. आधी झटका आलेला असेल किंवा मूत्रपिंड निकामी होत असेल तर तक्त्याची गरजच नाही, धोका जास्त धरूनच चालतात. या तक्त्याच्या उणिवा तुम्हाला ठाऊक असाव्यात. त्यात धूम्रपान विचारतात, खर्रा नाही. घराणं नाही. गरोदरपणातलं बीपी नाही. म्हणून हे तीन मुद्दे कागदावर अधोरेखित करा आणि तोंडानेही सांगा.

विचारायचं एवढंच: माझा दहा वर्षांचा धोका किती? माझ्यासाठी एलडीएल आणि बीपी किती असायला हवं? आणि औषध आत्ता हवं की तीन महिने राहणीमान बदलून पुन्हा तपासायचं?

सावधान: त्रास काहीच नसताना टीएमटी (फिरत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) किंवा अँजिओग्राफीचं पॅकेज स्वतःहून घेऊ नका. टीएमटी नॉर्मल आली म्हणजे रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत असं नाही. बरेच झटके अर्धवट अडथळ्याचा थर अचानक फुटून, त्यावर गुठळी जमून येतात, आणि असा थर टीएमटीत पकडला जाईलच असं नाही.

## टप्पा ९: बदल कोणत्या क्रमाने

तंबाखू पहिला, बाकी सगळं नंतर. खर्रा चालू ठेवून जवस आणि लसूण खाणं म्हणजे मुख्य घटक तसाच ठेवणं. धूम्रपान सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका साधारण निम्म्यावर येतो. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे.

बीपी, कोलेस्टेरॉल आणि साखरेची औषधं सांगितली असतील तर ती त्याच आठवड्यात सुरू करा. 'आधी पथ्य करून पाहतो' म्हणत डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध लांबवू नका. आणि 'बीपी तर नॉर्मल आलं, आता कायले गोळी?' म्हणून बंदही करू नका. ते गोळीमुळेच नॉर्मल आलेलं असतं. शेजाऱ्याला दिली म्हणून ॲस्पिरिनही रोज सुरू करू नका. आधी हृदयविकार नसलेल्यांत पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका फायद्यावर मात करू शकतो.

चालणं दहा मिनिटांपासून वाढवा. वर्षानुवर्षं बसून राहिलेल्या माणसाने पहिल्याच रविवारी टर्फवर क्रिकेटला उतरू नये. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ कडे जातो, तेव्हा चालणं सूर्य वर येण्याआधी आटपा. लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात बीपी फार उतरून चक्कर येऊ शकते. तसं झालं तर आकडा लिहून डॉक्टरांना दाखवा, डोस ते बदलतील.

## टप्पा १०: पुन्हा कधी

कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाल्यावर चार ते बारा आठवड्यांत लिपिड पुन्हा. मधुमेह असेल तर एचबीएवनसी दर तीन महिन्यांनी, स्थिरावली की सहा महिन्यांनी. औषध बदललं की सात दिवसांचं बीपी पुन्हा नव्याने. सगळंच ठीक असेल तर पूर्ण कागद वर्षातून एकदा, शक्यतो त्याच महिन्यात, कारण थंडीत बीपी थोडं चढतं आणि उन्हाळ्यात उतरतं.

कागदाचा फोटो काढून घरातल्या आणखी एका माणसाच्या मोबाइलवर ठेवा. गोळ्यांची नावं आणि कशाची ॲलर्जी आहे, हेही त्याच फोटोत दिसू द्या. तुमच्या कागदावर लवकर आलेला झटका किंवा १९० पुढचा एलडीएल लिहिला गेला असेल, तर सख्ख्या भावंडांना आणि मोठ्या मुलांना याच आठवड्यात फोन करून त्यांचा कागद सुरू करायला सांगा.